साइन इन्व्हर्सचं फाटक

शिकवणाऱ्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. समोरची माणसं चुका करतात, आपण ओरडतो, घरी येऊन नवऱ्याला सांगतो, आणि वर्षभराने तोच किस्सा नवरा पाहुण्यांना आपल्यापेक्षा चांगला सांगतो. आता तर बरकतपुऱ्यात भाजी घ्यायला उभी राहिले तरी कुणीतरी विचारतं, "मॅडम, वो साइन इन्व्हर्सवाली बॅच का क्या हुआ?" म्हटलं, नवऱ्याने आणखी मीठमसाला लावायच्या आत आपणच एकदा सांगून टाकावं.

तर माझी रविवारची बॅच. सकाळी सात ते नऊ, दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, आठ खुर्च्या आणि एक फळा. इंटरचं, म्हणजे तुमच्याकडच्या अकरावी-बारावीचं, गणित ज्यांचं आयुष्यात राहून गेलं अशी मोठी माणसं इथे येतात. बहुतेक सगळे नोकरी सांभाळून ओपन स्कूलची परीक्षा देणारे. आईबापाच्या धाकाने आलेलं कुणी नाही, त्यामुळे खिडकीबाहेर बघणारंही कुणी नाही. मी मात्र विशीतल्या पोरावर ओरडते तशीच साठीच्या माणसावरही ओरडते. स्वभाव आहे, काय करणार!

*

रत्नमालाताई पहिल्या दिवशी आल्या त्या पुस्तक उघडूनच. दारात उभ्या, आणि बोट बरोबर एका धड्यावर ठेवलेलं. इन्व्हर्स ट्रिगोनोमेट्रिक फंक्शन्स.

"दोनदा उडाले, मॅडम. दोन्ही वेळा ह्याच धड्यात."

त्यांचे वडील नांदेडकडून इथे नोकरीला आलेले. त्या स्वतः जमीन मोजणीच्या एका सरकारी ऑफिसात, नकाशांच्या रेकॉर्ड रूममध्ये वीस वर्षं. साहेबाने गावाचं नाव सांगायचं, यांनी कपाटातून नकाशा काढून द्यायचा. हजारो गावांचे नकाशे हाताखालून गेले, पण मोजणीला म्हणून कुणी त्यांना ऑफिसबाहेर नेलं नाही. ते काम टेक्निकल असिस्टंटचं.

"ती जागा आतल्या माणसांतून भरतात," त्या म्हणाल्या. "इंटरला मॅथ्स पाहिजे आणि वय पंचेचाळीसच्या आत पाहिजे. मला चव्वेचाळीसावं लागलंय. तेवढ्यात दोन परीक्षा होतात."

मी आपल्या स्वभावाला जागून विचारलं, "मग इतकी वर्षं काय केलंत?"

"मला येत नाही असं समजत होते. आता पोरगी इंजिनिअरिंगला आहे, तिला मॅथ्स येतं. मंग मला कामून येणार नाही? तिला ते माझ्याकडूनच आलं असंल. तिच्या पप्पांना तर रोजच्या बसचा नंबर ध्यानात राहत नाही."

मी पहिल्या रांगेतली खुर्ची दाखवली.

*

साइन इन्व्हर्स लिहिताना साइनच्या डोक्यावर एक छोटा उणे एक लिहितात. त्या उणे एकने जितक्या माणसांचा घात केलाय तितका दुसऱ्या कुठल्या चिन्हाने केला नसेल. बघणाऱ्याला वाटतं, घात उणे एक आहे, म्हणजे एक भागिले साइन. तसं ते नाही. साइनला कोन दिला की ती संख्या देते. साइन इन्व्हर्सला संख्या द्यायची आणि कोन परत मागायचा. बस, एवढंच.

हे मी चार रविवार सांगितलं. आमचा इम्रान, एसी दुरुस्त करतो, अतिशय हुशार, चौथ्या रविवारी म्हणाला, "मॅडम, उप्पर मायनस वन बैठा है तो नीचे उतारना पडता ना?"

मी खडू ठेवला आणि नियम केला. जो कुणी एक भागिले साइन लिहील, त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना उस्मानिया बिस्किटं आणायची.

त्याच क्लासात वेंकटेशम गारू होते, गारू म्हणजे तुमच्याकडचं 'राव'. तारनाक्याला राहतात, रेल्वेतून रिटायर. चाळीस वर्षांपूर्वी गणितात उडाले होते, ते काम राहिलंय म्हणून आलेले. त्यांनी सलग तीन रविवार बिस्किटं आणली. चौथ्या रविवारी सगळी उदाहरणं बरोबर, एकही चूक नाही. मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. गारूंनी पिशवीतून शांतपणे बिस्किटांचा पुडा काढून टेबलावर ठेवला.

"आज कशाला?" मी विचारलं.

"अलवाटैपोयिंदी, मॅडम," ते म्हणाले. सवय झाली म्हणे.

समजावून सांगण्यात मात्र रत्नमालाताईंनी माझ्यावर ताण केली. इम्रानला म्हणाल्या, "हे बघ, साहेब गावाचं नाव सांगतात, मी नकाशा देते. ती साइन. अन् नाव फाटलेला नकाशा आणून साहेब विचारतात, हे कोणतं गाव? ते इन्व्हर्स." इम्रानने त्यानंतर बिस्किटं आणली नाहीत.

*

आता खरी गंमत. फळ्यावर मी लिहिलं, साइन इन्व्हर्स ऑफ साइन एकशेवीस अंश. किती?

आठही जण एका सुरात, "एकशेवीस."

साइनने केलं, इन्व्हर्सने उलटवलं, दोघं कटले, राहिले एकशेवीस. इतकं सरळ दिसतं की माणूस फसतोच. साठ अंशांची साइन आणि एकशेवीसची साइन एकच आहे. इन्व्हर्सच्या हातात फक्त ती संख्या येते, आपण आधी कुठला कोन दिला होता हे त्याला ठाऊक नसतं. आणि एका संख्येला एकच उत्तर हवं, म्हणून गणितवाल्यांनी ठरवून टाकलंय की साइन इन्व्हर्सचं उत्तर उणे नव्वद ते नव्वद यांच्या मधलंच घ्यायचं. म्हणून उत्तर साठ.

हे मी मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगितलं. पुढचं उदाहरण दिलं, परत आठही जण तेच. मी इतकी चिडले की डस्टर टेबलावर आपटला आणि माझ्याच साडीवर पांढरा ढग उडाला.

तेव्हा वेंकटेशम गारू उठले. "मॅडम, मैं छत्तीस साल रेल्वे फाटक पे था. मैं बोलूं क्या?"

फळ्यापाशी जाऊन त्यांनी दोन खांब काढले. एकावर लिहिलं उणे नव्वद, दुसऱ्यावर नव्वद. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "आन्सर फाटक के अंदर है तो छोडना. बाहर है तो रोकना. साब की गाडी हो, मंत्री की हो, रोकना."

त्या दिवसापासून आमच्या क्लासात प्रत्येक वहीच्या समासात दोन खांब आले. उत्तर लिहायच्या आधी खांब काढायचे, मगच पेन पुढे. मीही "रेंज तपासली का?" असं विचारणं सोडलं. "फाटक पाडलं का?" म्हटलं की सगळे खाली बघून खांब काढायला लागतात.

फक्त रत्नमालाताईंचा हात वर. "पण मॅडम, एकशेवीसचं काय चुकलं? तेही खरंच आहे ना?"

"त्याचं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "एकच निवडायचं, म्हणून साठ."

"हौ," त्या म्हणाल्या. "एका नावाची चार-चार गावं असतात आमच्याकडे. तालुका विचारल्याशिवाय नकाशा देत नसतेत." आणि त्यांनी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, तालुका.

*

ताईंची मुलगी प्राची एकदा क्लासला आली ती भांडायलाच. दारातूनच म्हणाली, "मॅडम, तुम्ही मम्मीला काय शिकवलंय? घर में जीना मुश्किल हो गया!"

झालं असं होतं की प्राची आईची शिकवणी घ्यायला बसली. "मम्मी, तू बस फॉर्म्युला याद कर ले ना, समझना कायकू?" आई म्हणाली, ठीक आहे, आधी तू एक करून दाखव. पोरीने फटकन उत्तर लिहिलं. आईने समासात दोन खांब काढले आणि म्हणाली, "तुझी गाडी बाहेर उभी आहे." इंजिनिअरिंगची पोरगी, आणि उत्तर चुकलेलं. वर आईने बिस्किटांचा नियमही सांगितला.

प्राची खरोखरच बिस्किटं घेऊन आली होती. भांडून झाल्यावर पुडा माझ्या हातात दिला.

पुढे तिच्याच सेमिस्टरमध्ये हा भाग आला. आईची वही मागितली. वहीत सगळी टिपणं मराठीत, आईच्या बारीक अक्षरात, आणि पोरीला मराठी धड वाचता येत नाही. शेवटी असं ठरलं की ताई भाकरी करता करता वाचून दाखवणार आणि प्राची इंग्रजीत लिहून घेणार. ताई मला म्हणाल्या, "एवढी वर्षं म्हणत होते, मराठी वाचायला शीक, मराठी वाचायला शीक. ऐकलं नाही. आता साइन इन्व्हर्सपायी 'उणे' शब्द शिकली."

*

हा पुढचा किस्सा नवरा सांगत नाही. मीच सांगते, कारण चूक माझी आहे.

ताईंच्या दोन परीक्षांपैकी पहिलीच्या आधी माझ्या भाचीचं लग्न निघालं. आमचं मूळ गाव भालकीकडचं, शेतीवाडीवालं घराणं, तिथे लग्न एका दिवसात उरकत नाही. दोन रविवार बुडले. निघता निघता मी म्हटलं, "कोसाइन इन्व्हर्स राहिलंय, पण ते असंच आहे. घरी करून घ्या."

ते असंच नाहीये. कोसाइन इन्व्हर्सचं फाटक शून्य ते एकशेऐंशी असतं. बाकीच्यांनी गाईड उघडून बघितलं. ताईंनी बघितलं नाही, कारण मॅडमनी सांगितलं होतं असंच आहे. परीक्षेत त्यांनी कोसाइनच्या प्रत्येक उदाहरणाला साइनचं फाटक लावलं. नव्वदच्या वरची बरोबर आलेली उत्तरं स्वतःच्या हाताने खोडली आणि शेजारी लिहिलं, फाटकाबाहेर.

सहा मार्कांनी राहिल्या.

पुढच्या रविवारी त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर येऊ नयेत असंही वाटलं होतं, मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. सातला पाच मिनिटं कमी असताना त्या पहिल्या रांगेत येऊन बसल्या. मी म्हटलं, "ताई, हे माझ्यामुळे झालं. मला माफ करा."

त्यांनी नवी वही काढली, समासाची रेघ मारली आणि म्हणाल्या, "कोसाइनचं फाटक कुठून कुठवर? अन् टॅनचं? सगळ्यांचीच सांगा आज. परत लग्न निघालं तर?"

त्या दिवशी मी नऊची साडेअकरा केली. कुणी उठलं नाही.

*

मग एकच परीक्षा राहिली, आणि ताई हट्टालाच पेटल्या. बसमध्ये उदाहरणं, जेवणाच्या सुट्टीत उदाहरणं. रेकॉर्ड रूमच्या कपाटांना आतून चिठ्ठ्या. अमुक जिल्ह्याचं कपाट उघडलं की साइन इन्व्हर्स, तमुकचं उघडलं की टॅन इन्व्हर्स.

एक दिवस एका जमिनीची जुनी फाइल वर गेली. तिच्यात ताईंचा सरावाचा कागद चुकून अडकला. कागदावर दोन खांब, उणे नव्वद आणि नव्वद, मधे एक बाण, खाली साठ, आणि बाहेर एकशेवीसवर फुली. शेजारी मराठीत, 'हे बाहेर आहे, आत आणणे.'

ताईंना संध्याकाळी कळलं. रात्रभर झोप नाही. नोकरी जाते की मेमो मिळतो, याच विचारात. फाइल चार दिवसांनी खाली आली. क्लार्कची सही, सुपरिंटेंडेंटची सही, दोन साहेबांच्या सह्या, सगळ्या त्या कागदावरच. आणि वरच्या साहेबांचा इंग्रजीत शेरा, मराठीत सांगायचं तर, "पाहिले. हद्दीबाबत तातडीने कार्यवाही करावी."

ताई कागद घेऊन क्लासला आल्या. आम्ही सगळे हसून हसून दमलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चार माणसांनी सही केली, एकानेही विचारलं नाही की हे काय आहे. मी तिथं गेले ना, तर विचारीन."

*

दुसरी परीक्षा. या वेळी इम्रान आणि गारूही बसले होते. सेंटर आबिड्सच्या मागच्या गल्लीत. माझं तिथे काही काम नव्हतं, तरी मी गेले. दोन कप चहा झाले, तिसरा झाला. इम्रान अर्धा तास आधीच बाहेर आला, खुशीत. वेंकटेशम गारू वेळेवर आले, रेल्वेचा माणूस. ताई सगळ्यात शेवटी.

"कसा गेला?"

"सगळी फाटकं पाडून आले," त्या म्हणाल्या आणि आधी पाणी मागितलं.

निकालाच्या दिवशी दुपारी फोन आला. ऑफिसातून बोलत होत्या, आवाज अगदी हळू. "मॅडम, सुटले. नंतर बोलते, साहेबांना नकाशा पाहिजे." फोन बंद. मी स्वयंपाकघरात उभी होते, तिथेच खाली बसले आणि रडले. नवरा धावत आला, त्याला वाटलं कुणीतरी गेलं.

इम्रानही सुटला. वेंकटेशम गारू राहिले, तीन मार्कांनी. मी त्यांची समजूत घालायला लागले तर तेच मला म्हणाले, "मॅडम, आप कायकू रोते? मेरेको कौनसी गाडी पकडना है!" पुढच्या रविवारी सातला हजर, हातात पुडा.

*

पंचेचाळीस पूर्ण व्हायला अकरा दिवस असताना ताईंचा अर्ज गेला, आणि तीन महिन्यांनी ऑर्डर निघाली. टेक्निकल असिस्टंट. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या मोजणीच्या जीपमध्ये बसल्या.

शहराबाहेर एक टेकडी मोजायची होती. आमच्याकडच्या टेकड्या म्हणजे नुसते गोल गुळगुळीत दगड. जागेवर एक नवा इंजिनिअर होता, नुकताच नोकरीला लागलेला, फोनवर सगळं करणारा. टेप धरून उतारावरचं अंतर मोजलं, तीस मीटर. यंत्राने उंची काढली, पंधरा मीटर. उतार किती अंशांचा ते हवं होतं. म्हणजे पंधरा भागिले तीस, अर्धा, आणि अर्ध्याचा साइन इन्व्हर्स.

त्याने फोनवर बटणं दाबली. आता कोन दोन मापांत मोजता येतो, अंशांत किंवा रेडियनमध्ये, आणि त्याच्या फोनला रेडियन लावलेले होते. त्याने स्क्रीन बघितली आणि जाहीर केलं, "पॉइंट फाइव्ह टू. आधा डिग्री. लिखो मॅडम, ऑलमोस्ट फ्लॅट."

तो हे म्हणाला तेव्हा त्याचा एक हात एका दगडाला धरलेला होता. टेपवाला चपला काढून अनवाणी उभा होता. ताई बसून होत्या, कारण उभं राहता येत नव्हतं. मांडीवर वही. त्यांनी लिहिलं नाही.

"सर," त्या म्हणाल्या, "फ्लॅट है तो आप दगड छोडो ना."

त्याने खाली बघितलं. दगड सोडला नाही.

"तीस डिग्री है, सर. फोन रेडियन में है."

त्याने एका हाताने फोनमध्ये शोधाशोध केली, अंश लावले, परत बटणं दाबली. तीस. मग ताईंकडे बघितलं. साधी सुती साडी, पायात जुने बूट, आणि वहीच्या समासात उत्तराच्या आधीच काढून ठेवलेले दोन खांब.

"मॅडम," त्याने विचारलं, "आप कित्ता पढे हैं?"

ताईंनी वहीत तीस लिहिलं, खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "इत्ताइच, सर."